जुना सर्व्हर की नवा पीसी: तुलना नेमकी कशाची करावी?

प्रश्न
आमच्या ग्रंथालयाची पुस्तकसूची आणि देवघेवीच्या नोंदी पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत आहेत. सध्याच्या सर्व्हरमध्ये २०१० साली बाजारात आलेले दोन झिऑन एक्स५६५० प्रोसेसर (प्रत्येकी ६ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग), ४८ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) मेमरी आणि १०,००० आरपीएमच्या (मिनिटाला तितके फेरे घेणाऱ्या) डिस्कची रेड (अनेक डिस्क एकत्र जोडलेला संच) आहे. त्याऐवजी रायझन ५ ५६०० (६ कोअरचा प्रोसेसर) असलेला पीसी घ्यावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. १२ कोअर सोडून ६ कोअरकडे जाणे मला पटत नाही. मात्र गेल्या वर्षभरात शोध पूर्वीसारखाच चालत असूनही, शाखांकडून आलेल्या नोंदी रात्री चढवायला कितीतरी जास्त वेळ लागतो आहे.

प्रतिसाद १
कोअरची बेरीज येथे फसवी ठरते. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस (एका वेळी एकाच कोअरवर चालणारे काम) चालवते, आणि एकच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) अनेक कोअरवर वाटण्याची सोय ९.६ आवृत्तीपासून असली, तरी लहान शोधांना तिचा उपयोग होत नाही. त्यामुळे वाचकाला किती थांबावे लागते, हे एका कोअरच्या वेगावर ठरते. एक्स५६५० फार तर ३.०६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तर ५६०० हा ४.४ पर्यंत जातो आणि घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला कामही अधिक करतो. मेमरीच्या वेगात मात्र जुने यंत्र मागे नाही: डीडीआर३-१३३३ चे प्रत्येकी तीन चॅनल धरले, तर दोन्ही प्रोसेसर मिळून सेकंदाला सुमारे ६४ जीबी होतात, आणि डीडीआर४-३२०० च्या दोन चॅनलचे ५१.२ जीबी.

प्रतिसाद २
शोध तसाच आणि लेखन मंदावलेले, हे लक्षण प्रोसेसरचे नाही. रेड कंट्रोलरच्या कॅशची (लिहायचा डेटा तात्पुरता ठेवणाऱ्या मेमरीची) बॅटरी आधी तपासा. ती निकामी झाली की बहुतेक कंट्रोलर आपोआप राइट-थ्रूवर जातात, म्हणजे प्रत्येक कमिटला (बदल कायम करण्याच्या टप्प्याला) डिस्कवर खरोखर लिहिले जाईपर्यंत थांबावे लागते. १०,००० आरपीएमच्या डिस्कचा एक फेरा ६ मिलिसेकंदांचा असतो, म्हणून एका जोडणीतून सेकंदाला साधारण १६० कमिटच्या वर जाणे अवघड. प्रत्येक नोंद वेगळी कमिट होत असेल, तर ४०,००० नोंदींना चार मिनिटांहून अधिक वेळ एवढ्यातच जातो, आणि रेड ५ (डेटासोबत पडताळणीची माहितीही लिहिणारी रचना) असल्यास त्याहूनही जास्त. बॅटरीविना राइट-बॅक (डिस्कवर लिहिण्याआधी, कॅशमध्ये येताच काम झाले असे कळवणे) जबरदस्तीने चालू करू नका. वीज गेली तर डेटाबेस बिघडू शकेल. नव्या पीसीतही कपॅसिटर (वीज गेल्यावर उरलेले लिहून पुरे करण्यापुरती वीज साठवणारा भाग) नसलेला साधा एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) ड्राइव्ह घेतलात, तर कमिटच्या वेळी जाहिरातीतला वेग दिसणार नाही.

प्रतिसाद ३
विजेचाही हिशेब मांडा. सरासरी १५० वॅटचा फरक धरला, तर वर्षाला १,३१४ युनिट होतात. शिवाय एक्स५६५० मध्ये एव्हीएक्स२ हा सूचनासंच नाही, त्यामुळे रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० ही ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर चालणार नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. बॅटरी निकामीच निघाली आणि कंट्रोलर राइट-थ्रूवर होता. आज रात्री सर्व नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे शेवटी एकच कमिट करून) चढवून पाहतो. नवी बॅटरी बसवल्यावर आमच्याच डेटाबेसची प्रत घेऊन दोन्ही यंत्रांवर पीजीबेंच (पोस्टग्रेएसक्यूएलची वेगचाचणी) चालवीन आणि आकडे येथे देईन.