फिट्झरॉय गार्डन्समधलं दगडी घर: कुक तिथे राहायचा का?

नीरजा, ठाणे:
डिसेंबरात आईबाबांना घेऊन दादाकडे मेलबर्नला जातेय. तिथल्या बागेतलं दर्यावर्दी कॅप्टन कुकचं घर बाबांना बघायचंच आहे. त्याचा जन्म तिथलाच का? आणि अख्खं घर बोटीने आणलं, हे खरं?

माधवकाका, मेलबर्न:
नीरजा, बोटीचं खरं, जन्माचं नाही. कुकचा जन्म १७२८ सालचा, इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या मार्टनचा. हे घर त्याच्या आईवडिलांचं, ग्रेट एटन गावातलं, १७५५चं. मुलगा त्याच वर्षी आरमारात गेला. या घरात आला असेल तो पाहुणा म्हणूनच. दारावरच्या दगडात आईवडिलांच्या नावांची आद्याक्षरं आणि साल कोरलंय, ते बाबांना नक्की दाखव. मला तरी ते घर त्या दोघांचंच वाटतं. वडील शेतमजुरीतून वर आलेले. स्वतःच्या नावाचा दगड बसवताना त्यांना काय वाटलं असेल!

पुढे घर परक्या हातांत गेलं, रस्तारुंदीत त्याचा काही भागही पाडला गेला. १९३३ साली ते विकायला निघालं. मालकीणबाईंची अट होती, घर इंग्लंडातच राहावं. ती मग '(ब्रिटिश) साम्राज्यात' अशी बदलून घेतली! गावातली सर्वांत मोठी बोली ३०० पौंडांची, मेलबर्नच्या रसेल ग्रिमवेड यांनी दिले ८००. एकेक वीट, एकेक दगड सुटा करून २५३ खोकी आणि ४० पिंपं भरली, हल बंदरातून 'पोर्ट डनीडिन' बोटीवर चढवली. भिंतीवरच्या आयव्हीच्या वेलाच्या फांद्यासुद्धा आणून इथे लावल्या. मेलबर्नच्या शताब्दीला, १९३४ साली, राहतं घर असं स्मारक झालं.

सुजाता, लीड्स:
ग्रेट एटनला घराच्या मूळ जागी आता दगडी स्तंभ आहे. कुकच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाचा किनारा पहिल्यांदा दिसला, त्या पॉइंट हिक्सजवळच्या खडकाचा. घर देऊन दगड घेतला. गावासाठी वाईट वाटतं.

अनिकेत, मेलबर्न:
काका, बाबांना हेही सांगायला हवं: इथली, मेलबर्नची जमीन मुळात वुरुंजेरी या आदिवासी लोकांची. कुकचं नाव त्यांच्यासाठी जमीन जाण्याशी जोडलेलं आहे. २६ जानेवारीच्या, म्हणजे इथल्या 'ऑस्ट्रेलिया डे'च्या, सुमारास या घराच्या भिंतींवर निषेधाचा रंगही फासला गेलाय.

माधवकाका, मेलबर्न:
अनिकेत, बरोबर आहे, सांगायलाच हवं. आणि म्हणूनच मला हे घर कॅप्टनच्या नावाने मिरवलेलं आवडत नाही. नीरजा, आतला जिना अरुंद आहे, आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी खालच्याच खोल्या बघाव्यात.