बाबांचा 'आ' आणि भाचीचा 'आ', आकडे वेगळे तरी ऐकायला सारखा कसा?

दादर_पश्चिम:
मंडळी, एमएच्या प्रोजेक्टसाठी घरातल्यांकडून 'काका', 'काकी', 'काकू' बोलवून घेतलं आणि प्राटमध्ये (आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) टाकलं. बाबांच्या 'आ'चा पहिला फॉर्मंट (आवाजातला जास्त घुमणारा पट्टा, खालून पहिला, दुसरा असे मोजतात) ७०० हर्ट्झच्या आसपास आणि सहा वर्षांच्या भाचीचा थेट हजाराच्या वर! 'काकी'तल्या ईचा दुसरा फॉर्मंट बाबांचा २२००, तिचा ३००० च्या पुढे. कान म्हणतोय दोघांचा स्वर एकच, मग मोजायचं कशाने? की आवाज जाड-बारीक असतो म्हणून हे होतं?

कलिना_कट्टा:
जाड-बारीक म्हणजे पिच, ते वेगळं प्रकरण. कुजबुजून 'काकी' म्हणून बघा, स्वरतंतू कंप पावत नाहीत, पिच नाहीच, तरी आ आणि ई कळतातच ना. फॉर्मंट येतात घसा-तोंडाच्या पोकळीतून, लहान पोरांची पोकळी आखूड म्हणून सगळेच वर सरकतात. बाकी जबडा उघडला की पहिला चढतो, जीभ पुढे गेली की दुसरा. तुमचं दुखणं जुनंच आहे, १९५२ साली बेल लॅब्जमध्ये पीटरसन आणि बार्नी यांनी पुरुष, बायका, मुलं मिळून ७६ जणांकडून इंग्लिशचे दहा स्वर बोलवून मोजले तर ग्राफवर एकाचा स्वर दुसऱ्या स्वराच्या हद्दीत घुसलेला.

स्लो_लोकल:
म्हणूनच कान नुसता आकडा बघत नाही, बोलणारा कोण ते आधी जोखतो. लॅडफोगेड आणि ब्रॉडबेंट यांचा १९५७ चा प्रयोग बघा. मशीनने बनवलेलं एक वाक्य आणि शेवटी एक शब्द. शब्दाला हात नाही लावला, फक्त आधीच्या वाक्यातला पहिला फॉर्मंट खाली आणला, तर ज्याला लोक इंग्लिश 'बिट' (bit) म्हणत होते तेच बहुतेकांना 'बेट' (bet) ऐकू यायला लागलं. भारी ना!

कलिना_कट्टा:
भारी आहे, पण त्यावरून 'आधी माणूस ओळखावा लागतो' असं म्हणाल तर अडचण आहे बॉस. त्याच १९५२ च्या कामात वेगवेगळ्या लोकांचे सुटे शब्द उलटसुलट क्रमाने ऐकवले होते, मागेपुढे वाक्य नाही, तरी ९४ टक्क्यांच्या आसपास बरोबर ओळखले. म्हणजे त्या एवढ्याशा शब्दातच बरंच काही असतं, स्वराची लांबी, तो बोलता बोलता कसा सरकतो, पिच, वरचे फॉर्मंट. वाक्य मदत करतं, पण सगळं त्याच्यावर नाही.

चाळकरी_७:
थिअरी चालू द्या, पण ताई, प्राटमध्ये फॉर्मंट सीलिंग, म्हणजे फॉर्मंट किती हर्ट्झपर्यंत शोधायचे ती मर्यादा, किती ठेवलंय? बाबांना ५०००, बायकांना ५५००, सहा वर्षांच्या पोरीला ८००० पर्यंत न्यावं लागतं, नाहीतर फॉर्मंट दाखवणारे लाल ठिपके भलतीकडेच बसतात. आणि तिचा पिच ३०० असेल तर हार्मोनिक (पिचच्या पटीतले सूर) ३००, ६००, ९०० असे लांब लांब पडणार, फॉर्मंटचं शिखर दोघांच्या मधे असलं तरी सॉफ्टवेअर जवळच्या हार्मोनिकला चिकटतं. तेव्हा ठिपक्यांवर डोळे मिटून विश्वास नको, स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) स्वतः बघा. आणि रेकॉर्डिंगला पंखा बंद, खिडकी बंद, उकडलं तर उकडू दे. तुलना करताना लोबानोव्हची रीत वापरा, म्हणजे प्रत्येकाचे सगळे स्वर घेऊन त्याच्याच सरासरीपासून कोण किती लांब ते बघायचं. त्यासाठी फक्त आ-ई-ऊ नाही, ए-ओ पण लागतील.

दादर_पश्चिम:
सीलिंग सगळ्यांना ५००० च होतं 🙈 पिचची कटकट टाळायला भाचीला कुजबुजायला सांगू का?

चाळकरी_७:
नको, कुजबुजताना पहिला फॉर्मंट वर जातो, तो डेटा यात मिसळू नका. खालच्या पट्टीत बोलव तिला, राक्षसाचा आवाज काढ म्हटलं तर मात्र घसाच आवळेल.