रक्ततपासणीतून आतड्यातले पॉलिप कळतात का?

कर्वेनगरी:
वय ४६, पुरुष, तक्रार काहीच नाही. थोरल्या भावाला ५१व्या वर्षी कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत) १२ मिमीचा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, निघाला. बायप्सीत ट्यूब्युलर ॲडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकतो असा पॉलिप. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या फुल बॉडी पॅकेजमध्ये सीईए (कॅन्सरमध्ये वाढू शकणारं रक्तातलं प्रथिन) २.१ आलंय, शेरा 'नॉर्मल'. आता त्यांचाच फोन आहे की रक्तातल्या डीएनएची तपासणी करून घ्या, पॉलिप कॅन्सर व्हायच्या आधीच कळतात. सीईए नॉर्मल म्हणजे पॉलिप नाही असं धरायचं का? आणि ही डीएनए तपासणी केली तर दुर्बीण टळेल का?

प्लाझ्मा_पेठ:
सीईएचं आधी उरकतो. ते चाळणीसाठी, म्हणजे तक्रार नसलेल्यांत आजार शोधण्यासाठी, नाहीच. कॅन्सरचं निदान झाल्यावर, ऑपरेशननंतर तो परत येतोय का हे बघायला वापरतात. सिगारेट ओढणाऱ्यांत, लिव्हरच्या दुखण्यात ते उगाच वाढतं, आणि पॉलिपमध्ये बहुतेक वेळा वाढतच नाही. पॅकेजमध्ये ते का घालतात हे पॅकेज विकणाऱ्यांना विचारा.

आता डीएनए. पॉलिप आतड्याच्या पोकळीकडे तोंड करून वाढतो. त्याच्या मेलेल्या पेशी झडतात त्या शौचात. जोवर तो अस्तराखालच्या थरात घुसत नाही, तोवर रक्तात जवळपास काही पोचत नाही. हिशेब करून बघा: १० मिली रक्तातून ४-५ मिली प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारं पिवळसर पाणी) निघतो. निरोगी माणसाच्या तेवढ्या प्लाझ्मात साधारण २५ नॅनोग्रॅम सुटा (पेशींबाहेर तरंगणारा) डीएनए सापडतो, म्हणजे जीनोमच्या आठेक हजार प्रती. त्यात पॉलिपचा वाटा दहा हजारांत एक धरला, तर तुमच्या नळीत त्याची एकही प्रत आली नसण्याची शक्यता बरीच. मशीन कितीही भारी असो, जे नळीत नाही ते वाचणार कसं?

आकडेही तेच सांगतात. शील्ड नावाच्या रक्तातल्या डीएनएच्या तपासणीला अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) जुलै २०२४ मध्ये मान्यता दिली. तिच्या अभ्यासात कॅन्सर असलेल्यांपैकी ८३ टक्के लोक पकडले गेले, हे चांगलंच आहे. पण मोठे किंवा धोकादायक ॲडिनोमा असलेल्यांपैकी फक्त १३ टक्के. आणि ज्यांना यातलं काहीच नव्हतं, त्यांच्यातही १० टक्क्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. १३ आणि १० शेजारी ठेवून बघा: पॉलिपपुरतं बोलायचं तर ही तपासणी नाणेफेकीच्या फार पुढे नाही. त्याआधीच्या, २०१६ मध्ये मान्य झालेल्या सेप्टिन-९ या रक्ततपासणीची गतही तशीच होती, ॲडिनोमासाठी ११ टक्क्यांच्या आसपास.

शिवाय नमुना बिघडतो तो वेगळाच. साध्या ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या नेहमीच्या नळीत) रक्त तसंच राहिलं की काही तासांत पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि मुळातला बारीक सिग्नल अजून पातळ होतो. म्हणून एकतर चार-सहा तासांत प्लाझ्मा वेगळा करायचा, तोही मशीनमध्ये दोनदा गरगर फिरवून, नाहीतर पेशी घट्ट धरून ठेवणारी खास नळी वापरायची. दुपारभर स्कूटरच्या डिकीत फिरलेल्या साध्या नळीवर ही तपासणी करण्यात अर्थ नाही.

स्टूलटेबल:
वरच्याशी सहमत, पण 'मग काहीच नको' असं वाचणाऱ्यांनी समजू नये. घरी आणि स्वस्तात होणारी तपासणी म्हणजे फिट, शौचातलं माणसाचं हिमोग्लोबिन प्रतिपिंडाने ओळखणारी. ती मोठे ॲडिनोमा साधारण २४ टक्के पकडते आणि काही नसताना पॉझिटिव्ह येते फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. एका वेळी कमीच, पण दरवर्षी केली की जमेला येते. शौचातला डीएनएही बघणारी कोलोगार्ड ४२ टक्क्यांपर्यंत जाते.

लॅबमध्ये नुसतं 'ऑकल्ट ब्लड' (शौचातलं न दिसणारं रक्त) म्हणू नका. बऱ्याच ठिकाणी अजून जुनी ग्वायॅकची (रसायनाने रंग बदलून रक्त ओळखणारी) तपासणी होते. त्यात मटण, कलेजी, कच्चा मुळा यांनी खोटं पॉझिटिव्ह येतं आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी खोटं निगेटिव्ह. फिटला पथ्य नाही. आकड्यात रिपोर्ट मागा. शौचाच्या ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही पॉझिटिव्हची नेहमीची रेघ.

नमुना कमोडच्या पाण्यातला नको, क्लीनर मिसळलेला तर नकोच. कागद पसरून त्यावर घ्या. किटमधली काडी शौचात चार-पाच ठिकाणी खुपसायची, टोकावरच्या खाचा भरतील एवढंच. जास्त कोंबलं तर आकडा बिघडतो. डबी लगेच देता येत नसेल तर फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. मे महिन्यातल्या उन्हात हिमोग्लोबिन मोडतं आणि रिपोर्ट फसवा निगेटिव्ह येतो. पॉझिटिव्ह आली तर 'मूळव्याधच असेल' म्हणून परत फिट करत बसायचं नाही, सरळ दुर्बीण.

कर्वेनगरी:
म्हणजे मी दरवर्षी फिट करत राहिलो तर चालेल?

दुर्बीणकर:
तुम्हाला नाही. तुमच्या प्रश्नातली महत्त्वाची ओळ भावाची आहे. १० मिमी किंवा त्याहून मोठा ॲडिनोमा 'ॲडव्हान्स्ड', म्हणजे जास्त धोक्याचा, धरतात. सख्ख्या नात्यात असा पॉलिप किंवा साठीच्या आत कॅन्सर निघाला, की अमेरिकी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, मग दर पाच वर्षांनी. तुमच्या हिशेबाने चाळीस. सहा वर्षं उशीर झालाय, अजून लांबवू नका. भावाचा बायप्सी रिपोर्ट सोबत न्या. आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला चपटे सेरेटेड (करवतीसारख्या दातेरी रचनेचे) पॉलिप असतात, ते सहसा रक्त सांडत नाहीत, त्यामुळे फिटमध्ये हुकतात. ते दुर्बिणीतही दिसतात फक्त आतडं स्वच्छ असेल तर.

म्हणून तयारीत कसूर नको. तीन दिवस आधीपासून पेरू, अंजीर, तीळ, जवस, टोमॅटोच्या बिया, पालेभाज्या बंद, इसबगोल बंद, लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, वरणावरचं निवळ पाणी. कोकम आणि बीट नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं औषध दोन हप्त्यांत: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. सकाळी नऊची वेळ असेल तर पहाटे चारला उठायचं. लोक नेमका हाच दुसरा हप्ता झोपेसाठी आदल्या रात्री उरकतात, आणि मग उजव्या बाजूला पिवळा चिकट थर बसलेला असतो. शेवटचा घोट तपासणीच्या दोन तास आधी संपला पाहिजे. डायबेटिसची औषधं, विशेषतः डापाग्लिफ्लोझिनसारखी, आणि रक्त पातळ करणारी औषधं कधी थांबवायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मनाने बंद करू नका.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा: दुर्बीण सिकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) गेली का आणि त्याचा फोटो आहे का, स्वच्छतेचा बोस्टन स्कोअर (आतड्याच्या उजव्या, मधल्या, डाव्या भागाला दिलेले गुण), तिन्ही भागांत किमान २, आणि पॉलिप काढले असतील तर प्रत्येकाचा आकार मिलिमीटरमध्ये आणि जागा. वेगवेगळ्या भागांतले पॉलिप एकाच बाटलीत घातलेले असतील तर बायप्सीचा निकाल कुठल्याचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून बाटल्या वेगळ्या करायला आधीच सांगून ठेवा.