लग्नपत्रिकेचा भगवा विटकरी का येतो?

भाऊ, तुमच्या पुतण्याच्या लग्नपत्रिकेचा भगवा मोबाइलवर झळझळीत अन् अमरावतीहून छापून आला तो विटकरी, यात मशीनचा दोष कमीच. स्क्रीनचे रंग आरजीबी, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे; ऑफसेट छपाईच्या शाया सीएमवायके, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी अन् काळी. तेवढा चमकदार भगवा त्या चार शायांतून निघतच नाही. फाइल आधीच सीएमवायकेत बदला, म्हणजे धक्का स्क्रीनवरच बसतो.

फोटो ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा हवा म्हणतात, ते बरोबर. पण व्हॉट्सॲपवर दबून आलेला फोटो नंतर ‘वाढवून’ काही होत नाही. डॉक्युमेंट म्हणूनच मागवा.

आपल्या खेड्यांत खरा घोळ अक्षरांचा. गावचा डीटीपीवाला श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये मजकूर जुळवतो, शहरात तो फॉन्ट नसला की ‘चि. सौ. कां.’चं जे होतं ते पाहवत नाही. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या होतात अन् फॉन्ट लागत नाही; मग पीडीएफ. मात्र त्यानंतर मामाचं नाव टाइप करून सुधारता येत नाही, अन् एखादा मामा शेवटच्या दिवशीच आठवतो! मूळ फाइल वेगळी ठेवाच.

ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई, चारही बाजूंनी ३ मिमी. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत. चार शायांचा काळा जरा सरकला की अक्षरांना रंगीत कडा दिसतात. फ्लेक्सला मात्र एवढं लागत नाही राजेहो, प्रत्यक्ष मापात ७२ ते १०० डीपीआय पुरे.