कॉकटीलची रात्र आपल्या ड्यूटीप्रमाणे सरकवली तर चालते का?

सुदामानगरची_चिऊ

आमच्याकडे कॉकटील आहे, म्हणजे पोपटवर्गातला कलगीवाला लहान पक्षी, मादी, राखाडी. माझी कामाची पाळी दुपारची, त्यामुळे घरी पोचायला सव्वानऊ होतात. यजमानांचं दुकान सराफ्यात, ते त्याहून उशिरा येतात. घरी सासूबाई असतात, पण चोचीच्या भीतीने त्या पिंजऱ्याचं दार उघडत नाहीत. म्हणजे तिला बाहेर फिरायला, खांद्यावर बसून केस ओढायला जो वेळ मिळतो तो रात्री साडेनऊ ते अकरा.

पोपटवर्गातल्या पक्ष्यांना दहा ते बारा तास झोप लागते, याबद्दल माझा वाद नाही. पण ती संध्याकाळी सातलाच सुरू व्हायला हवी असं कुठे आहे? मागची खोली, जाड पडदे, पिंजऱ्यावर काळं कापड, रात्री अकरा ते सकाळी दहा. तास भरले. पाखराला घड्याळ कळत नाही, अंधार कळतो.

नणंदेचं म्हणणं उलट आहे. दिवेलागणीला पिंजरा झाकायचा, जमत नसेल तर पाखरू पाळायचंच नाही. मला हे अजिबात पटत नाही. सातला झाकलं तर तिला माणसाचा सहवास मिळणार कधी? कळपातला पक्षी आहे हा. एकटा पडला की स्वतःची पिसं उपटायला लागतो. ज्यांनी पाळलेत त्यांनी बोला.

रामबागचा_वाडा

ताई, नणंदबाईंचं बरोबर आहे. अकरा ते दहा हा हिशेब कागदावर जुळतो, घरात नाही. आपल्या इंदूरात सकाळी काय काय होतं ते आठवा. कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते. नर्मदेच्या पाण्याची पाळी असली की मोटरी सुरू होतात. कुकर, पूजेची घंटा, शाळेच्या बसचा हॉर्न. खिडकीबाहेर साळुंक्या आणि रानपोपट उजाडल्यापासून ओरडतात, आणि तुमची कॉकटील त्यांचं बोलणं ऐकणार नाही असं होऊच शकत नाही. ती सहालाच जागी होते आणि दहापर्यंत काळ्या कापडात गुपचूप बसून राहते. तुम्ही मोजता ते झाकलेले तास, झोपेचे नव्हेत. प्रत्यक्षात तिला सात तास मिळतात, आणि वर चार तास अंधारकोठडी.

पलासिया_ग्रे

मी चिऊताईंच्या बाजूने. माझ्याकडे सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेला आफ्रिकन ग्रे पोपट आहे आणि मी परदेशातल्या वेळेप्रमाणे काम करतो. त्याची रात्र मी रोज थोडी थोडी पुढे सरकवत नेली. आता तो उशिरा झोपतो, उशिरा उठतो, पिसं चकचकीत आहेत, खातो-पितो व्यवस्थित.

सूर्यास्ताचा नियम सांगणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. कुठला सूर्यास्त? इंदूरात जूनमध्ये रात्र जेमतेम साडेदहा तासांची असते, डिसेंबरात सव्वातेरा तासांची. ग्रेचा मुलूख विषुववृत्ताजवळचा, तिथे बाराही महिने साधारण बारा तास दिवस आणि बारा तास रात्र. कॉकटील ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागातली. म्हणजे आपला सूर्य यांच्यापैकी कुणाचाच नाही. मग पडद्याने केलेली ठरलेली रात्र वाईट कशी? उलट ती जास्त नियमित असते. वाडेकरांच्या घरी आवाज येतो म्हणून सगळीकडे येतो असं नाही. मागच्या खोलीत पंखा लावून ठेवला की त्याच्या घरघरीत बाहेरचं बरंच बुडून जातं.

जेलरोडचे_आजोबा

आमच्या लहानपणी ओसरीवर राघू होता. मंडळी रात्री बारापर्यंत गप्पा ठोकत, तोही मध्येमध्ये बोले. त्याच्यासाठी कुणी पडदे लावले नाहीत की तास मोजले नाहीत, आणि तो पुष्कळ वर्षं जगला. पाखरं एक डोळा उघडा ठेवून झोपतात, हे आम्ही रोज पाहत होतो. समुद्रावरची फ्रिगेटबर्ड तर उडता उडता झोपतात आणि दिवसाला पाऊण तासावर भागवतात, असं मध्यंतरी वाचलं. निसर्गाने सोय केलेली आहे, आपण उगाच काळजी वाहतो.

महूचा_पशुवैद्य

आजोबा, आधी तुमचा फ्रिगेटबर्ड घेतो. २०१६ साली गालापागोस बेटांवरच्या त्या पक्ष्यांच्या मेंदूच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. उडताना ते दिवसाकाठी सरासरी ४२ मिनिटं झोपतात, हे खरं. पण तेच पक्षी जमिनीवर उतरले की बारा तासांहून जास्त झोपतात. सक्ती असेल तेवढाच काळ भागवतात, नंतर वसूल करतात. अर्ध्या मेंदूने झोपणंही तसंच, ते पहाऱ्यासाठी असतं. घरातला पोपट रोज रात्री एक डोळा उघडा ठेवत असेल, तर त्याला त्या खोलीत निर्धास्त वाटत नाही असा मी अर्थ घेतो.

आणि ओसरीवरच्या राघूबद्दल एक सांगायलाच हवं. आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे. जुन्या आठवणींना माझा विरोध नाही, पण हे वाचून कुणी बाजारातून पिल्लू उचलून आणू नये.

आता चिऊताईंचा प्रश्न. इथे सगळे झोपेच्या तासांवर भांडताहेत. मला काळजी वाटते उजेडाच्या तासांची. पक्ष्याला उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही. त्याच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात, आणि कवटी इतकी पातळ की उजेड तिच्यातून आत पोचतो. दिवस मोठा की लहान हे शरीर त्यावरून ठरवतं. मागच्या खोलीच्या पडद्यातून सकाळी सहाला उजेड झिरपत असेल आणि रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट असेल, तर तिच्या शरीराच्या लेखी दिवस सतरा तासांचा झाला. इतका लांब दिवस, वाटी भरून दाणे आणि पाठीवर हात फिरवणारं माणूस. या तिन्हींचा मादीच्या शरीरात एकच अर्थ लागतो, की विणीचा हंगाम आलाय.

मग ती नर नसतानाही अंडी घालते. अंड्यांची एक खेप संपली की दुसरी. कवचासाठी लागणारा कॅल्शियम हाडांतून निघतो. माझ्याकडे जी कॉकटील येतात, त्यांत फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, शेपटी वरखाली करत जोर लावणारी मादी असली की मी बाकी सगळं सोडून तिला आधी घेतो. अंडं अडकलेलं असतं, आणि ते तासांत जीव घेतं. मालक म्हणतात, कालपर्यंत ठणठणीत होती.

म्हणून माझं मत पलासियाकरांच्या विरुद्ध. नराला किंवा ग्रेला रात्र सरकवून चालत असेलही. कॉकटीलच्या मादीला रात्रीचं सुरुवातीचं टोक पुढे ओढून सकाळचं टोक ढिलं सोडणं परवडत नाही. पडदा खरोखर घट्ट आहे का, ते सकाळी साडेसहाला त्या खोलीत दार लावून उभं राहून पाहा. पिंजऱ्याचे गज मोजता आले तर ती रात्र नाही.

पलासिया_ग्रे

डॉक्टर, पडदा घट्ट असेल तर? मग तुमचा आक्षेप उरतो कुठे?

महूचा_पशुवैद्य

मग आवाजाचा उरतो, तो वाडेकरांनी मांडलाच आहे. पण हो, घट्ट पडदा असेल तर निम्मा आक्षेप मागे.

तिलकनगरची_कलगी

घट्ट अंधार, घट्ट अंधार म्हणताय, पण कॉकटील आहे ती! रात्री दचकणारी जात. आमच्याकडे मांजर पत्र्यावर उडी मारून गेलं आणि पूर्ण काळोखात आमचा पक्षी पिंजराभर आदळत राहिला. दिवा लावला तेव्हा पंखातलं नवीन फुटलेलं, रक्त भरलेलं पीस मोडलं होतं आणि भिंतीवर थेंब उडाले होते. कॉर्नफ्लोर दाबून धरलं तेव्हा थांबलं. त्यानंतर खोलीच्या कोपऱ्यात, पिंजऱ्यापासून लांब, एक झिरोचा मंद बल्ब चालू असतो आणि कापड तीनच बाजूंनी असतं. दांडी कुठे आहे एवढं तिला दिसलं पाहिजे.

शिवाय मे महिना आहे की नाही? इंदूरात पारा चाळिशीच्या वर जातो. चारी बाजूंनी काळी चादर म्हणजे आत भट्टी. पाखराला घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकतं आणि पंख अंगापासून लांब धरतं. आणि कुणी सुचवायच्या आधी सांगते, रात्री शांत असतं म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याची वाफ पाखरू मारते.

सुदामानगरची_चिऊ

सगळं वाचलं. सकाळी त्या खोलीत उभी राहिले. पडद्याच्या वरच्या फटीतून उजेडाची पट्टी थेट पिंजऱ्यावर येते. ती बंद करता येईल. कचरागाडी बंद करता येणार नाही, हे वाडेकरांचं मानते.

पण नणंदेचं अजूनही मान्य नाही. सातला झाकून तिला दिवसरात्र एकटीला ठेवणं हाही छळच. तुम्ही कुणी त्यावर बोलला नाहीत. झोप पुरी झाली आणि माणूस दिसलं नाही तर ते पाखरू सुखी कसं?

रामबागचा_वाडा

ताई, पाळी दुपारची आहे ना तुमची? मग सकाळ आहे की.

सुदामानगरची_चिऊ

सकाळी डबे, पाणी भरणं, सासूबाईंची औषधं. हात रिकामा नसतो.

तिलकनगरची_कलगी

हात रिकामा नको, खांदा रिकामा हवा. पोळ्या लाटताना नाही म्हणत मी, गॅसजवळ तर नकोच. पण कपडे वाळत घालताना, घड्या करताना, औषधं काढताना ती खांद्यावर बसू शकते, फक्त दारं-खिडक्या लावून घ्या. कळपात राहणाऱ्या पक्ष्याला समोर बसून कुणी खेळवावं असं नसतं, कळप जिथे जाईल तिथे आपण असावं एवढंच हवं असतं. सकाळी पोट भरलेलं, गाणं फुटलेलं असतं. रात्री साडेनऊला तुम्ही काढता तेव्हा ती चोच घासत असते का? खालची चोच वरच्या चोचीवर करकर घासण्याचा बारीक आवाज. ती झोपेची तयारी असते. एक पाय पिसांत ओढून घेतला असेल तर तिला खेळायचं नाहीये, तुम्हाला खेळायचंय.

पलासिया_ग्रे

हे शेवटचं वाक्य कडक आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घरी आल्यावर पाखरू बघावंसं वाटणं हा गुन्हा नाही.

तिलकनगरची_कलगी

गुन्हा म्हटलेलं नाही. पण त्या दोघींपैकी बोलता एकीलाच येतं, म्हणून दुसरीच्या वतीने मी बोलले.

सुदामानगरची_चिऊ

चोच घासते. हो.

ठीक आहे, साडेआठला सासूबाईंकडून कापड टाकून घेते, त्यासाठी दार उघडावं लागत नाही. सकाळी साडेसातला काढते. कोपऱ्यात झिरोचा बल्ब, पंखा चालू. कॅल्शियमसाठी वाटीच्या बाजूला समुद्रफेस टांगते. पण रविवारी मी घरी असते, यजमानही लवकर येतात. रविवारी मी तिला साडेदहापर्यंत बाहेर ठेवणार, यावर कुणी वाद घालू नका.

महूचा_पशुवैद्य

घालणार. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीच्या रात्री सगळं इंदूर जागं असतं, तशी एखादी रात्र गेली तर दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपून भरून काढेल. दर आठवड्याला नको. त्याऐवजी रविवारी दुपारी चार ते आठ बाहेर ठेवा, चार तास मिळतात. आणि पाठीवर हात फिरवू नका, फक्त डोकं आणि मान.

सुदामानगरची_चिऊ

दुपारी चारला रविवारी आमच्याकडे पाहुणे असतात, डॉक्टर.

रामबागचा_वाडा

मग पाहुण्यांच्या खांद्यावर बसू द्या.