पिनोकिओ एवढा काळा कशाला करायचा?

गवतीचहा: ९ डिसेंबर २०२२ ला दिग्दर्शक गिएर्मो देल तोरोचा पिनोकिओ सिनेमा नेटफ्लिक्सवर येतोय, ट्रेलर बघितला आणि खरं सांगते, मला काही झेपला नाही. लाकडी बाहुल्याला एकच कान, पाठीतनं खिळे बाहेर आलेले, आणि वर गोष्ट नेऊन ठेवलीय मुसोलिनीच्या इटलीत. अरे, खोटं बोललं की नाक लांब होतं, एवढी साधी गोष्ट ती! माझा सहा वर्षांचा लेक रोज विचारतोय कधी येणार म्हणून, त्याला हे दाखवू? हल्ली परीकथा डार्क केल्याशिवाय कुणाला चैनच पडत नाही. हाणा मला, पण कारण देऊन.

बोरूबहाद्दर: हाणतोच. ताई, साधी गोष्ट ती डिस्नेची, १९४० ची. मूळ कार्लो कोलोदीचं पुस्तक वाचा. चौथ्याच प्रकरणात बोलणारा रातकिडा उपदेश करायला लागतो तर हा पठ्ठ्या हातोडा फेकून त्याला भिंतीला चिकटवतो, मग शेगडीवर पाय टेकून झोपतो आणि सकाळी उठतो तर पायांची राख. १८८१ ला मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः यायचं हे, आणि पंधराव्या प्रकरणात कोल्हा आणि मांजर त्याला ओकच्या झाडाला फाशी देतात, बाहुला आचके देऊन ताठ होतो, खलास, गोष्ट संपली. पोरं मागे लागली म्हणून पुढच्या वर्षी त्याला परत जिवंत केला.

गवतीचहा: बापरे. रातकिड्याचं खरंच माहीत नव्हतं.

निवांत_पाटील: बोरू, माहिती बरोबर पण मुद्दा हुकला. कोलोदी भीती घालायचा ती कशासाठी? शाळेत जा, बापाचं ऐक, नाहीतर गाढव होशील, आणि पुस्तकात पोरं खरोखर गाढवं होतातच, याला तर ढोलाच्या कातड्यासाठी विकतात. आता हा देल तोरो मुलाखतींतनं सांगतोय की आज्ञा मोडणं हाच याचा गुण. म्हणजे गोष्ट पार उलटी केली की! करा, पण मग नाव दुसरं द्या. डिस्नेने सप्टेंबरात टॉम हँक्सला घेऊन तोच जुना पिक्चर परत काढला तो मलाही नको, म्हणून हा आपोआप चांगला होत नाही.

बोरूबहाद्दर: पाटील, मुसोलिनी उगाच नाही आणलेला. १९२६ पासून तिथं बलिल्ला या फॅसिस्टांच्या मुलांसाठीच्या संघटनेत पोरांना काळे शर्ट घालून कवायत करायला लावायचे. सगळं गाव ऐकतंय, आणि दोऱ्या नसलेला लाकडाचा पोरगा तेवढा ऐकत नाही! याहून चपखल जागा कुठली? जाता जाता, त्या काळात पिनोकिओलाच काळा शर्ट घालून फॅसिस्टांनी पुस्तकं काढली होती, म्हणजे उलटी करायची सुरुवात त्यांचीच.

सुपारीकात्री: आमची आजी श्रावणात शिवलीलामृतातलं चिलया बाळाचं सांगायची. आई पोराचं मुंडकं उखळात घालून कांडते आणि डोळ्यात पाणी आणायचं नाही ही अट. आजी सांगता सांगता मुसळ धरल्यासारखे हात वरखाली करायची, आम्ही सात-आठ वर्षांचे, गोधडीत तोंड खुपसून ऐकायचो आणि दुसऱ्या दिवशी परत तीच हवी म्हणायचो. काही बिघडलं नाही हो आमचं (हलके घ्या, नवऱ्याचं मत वेगळं असेल).

निवांत_पाटील: अहो पण आजीला तुमची तोंडं दिसत होती ना! पोर जास्तच टरकलं की ती चिलयाला लवकर उठवत असणार. नेटफ्लिक्स कुणाचं तोंड बघून थांबतं?

सुपारीकात्री: हे मात्र खरंय. एकदा धाकटा भाऊ रडला तर कांडणं गाळून थेट चिलया धावत येतो तिथं पोचली होती.

बोरूबहाद्दर: मग थांबवायचं काम आईचं. शेजारी बसा, रिमोट हातात ठेवा.

निवांत_पाटील: आधी एकटीने बघा, मग ठरवा. आणि दाखवलात तर मला सांगा, मी बघणारच आहे, नावं ठेवायला का होईना.

गवतीचहा: झोपवताना लेकाला पाय जळल्याचं सांगून बघितलं. ताडकन उठून बसला, 'मग बाबांनी नवीन पाय करून दिले ना?' म्हटलं हो, दिले, आणि पुस्तकात खरंच जेपेट्टो करून देतो ना रे बोरू? नाहीतर मी गेले. फाशीचं नाही सांगितलं.

बोरूबहाद्दर: देतो देतो. तासून, डिंकाने चिकटवून.