चिनी वर्गमित्र आणि त्यांचं इंग्रजी : तुमचे अनुभव लिहा

परदेशात शिकताना वर्गात, लॅबमध्ये नाहीतर घरात चिनी मुलं भेटतातच. "त्यांना इंग्रजी येत नाही" असं आपली मंडळी बिनधास्त ठोकून देतात. मला ते पटत नाही. तिकडे साधारण तिसरीपासून इंग्रजी असतं आणि गाओकाओ या प्रवेशपरीक्षेत गणिताइतकेच, म्हणजे 150 गुण इंग्रजीला. बऱ्याच प्रांतांत बोलण्याचे गुण मात्र त्यात धरत नाहीत. जवळून पाहिलं असेल तर लिहा.

लीड्सहून : माझी फ्लॅटमेट चेंगडूची. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत थोडक्यात हुकली, म्हणून मास्टर्सआधी उन्हाळ्यात प्री-सेशनल, म्हणजे इंग्रजीची तयारी करून घेणारा कोर्स केला. पण मॅनेजमेंटच्या वर्गात निम्म्याहून जास्त चिनी, ग्रुपवर्क वीचॅटवर, स्वयंपाकघरात मँडरिन. बोलणार कुणाशी? शेवटी एका चॅरिटी शॉपमध्ये शनिवारी बिनपगारी काम धरलं. मागच्या खोलीत दान आलेल्या कपड्यांवर वाफेची इस्त्री फिरवताना तिथल्या आज्या गुडघे, नातवंडं, बसचं भाडं यावर अखंड बोलायच्या. हिला उत्तर देणं भाग. ख्रिसमसपर्यंत त्यांच्याबरोबर गावगप्पा हाणायला लागली होती.

अमेरिकेतून : आमच्याकडे टीए, म्हणजे शिकवणारा विद्यार्थी-सहायक म्हणून वर्ग घ्यायचा तर बोलण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. माझा चिनी लॅबमेट शिकवायचा प्रत्येक तास आधी शब्दन् शब्द लिहून काढायचा, विनोदांसकट! घाईत बोलताना आमच्या गाइडबाईंना हमखास पुरुष करून टाकायचा, कारण बोली चिनीत 'तो' आणि 'ती' दोन्हींना 'ता'च. पेपर लिहिताना ही चूक एकदाही नाही.

टोरांटोहून : चिनी मैत्रिणीला जीआरई या प्रवेशपरीक्षेचे अवघड शब्द तोंडपाठ. फार्मसीत खोकला कोरडा की कफाचा, एवढं सांगताना घाम फुटला.

मेलबर्नहून, शिकवते : ट्युटोरियलमध्ये ही मुलं गप्प, म्हणून सहकारी वैतागतात. मी प्रश्न आदल्या दिवशी पाठवते आणि वर्गात आधी दोन मिनिटं लिहू देते. मग बोलतात, आणि मुद्द्याचं बोलतात. पन्नासेक मुलांच्या वर्गात ऐकून घ्यायची सवय लागलेल्याकडून मध्येच तोंड घालण्याची अपेक्षा का करायची?

नांदेडहून, सध्या म्युनिकमध्ये : मी बारावीपर्यंत मराठी माध्यमातला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत माझंही असंच व्हायचं, त्यामुळे यांना हसवत नाही. तरी आपल्याकडे पाट्या, फॉर्म, इंजिनिअरिंगची पुस्तकं इंग्रजीत, कानावर-डोळ्यावर पडतंच. त्यांची कॉलेजची पुस्तकंही बहुतेक चिनीत.

लीड्सचीच, पुन्हा : फोनचं राहिलं. समोर माणूस असला की ती निभावून न्यायची, फोनवर चेहरा दिसत नाही म्हणून बावरायची. वीज कंपनीला फोन करायचा तर स्पीकर चालू आणि मी शेजारी उभी. आता शांघायला नोकरी करते. म्हणते, इंग्रजी ईमेलपुरतंच लागतं.